टूरच्या ठिकाणी पूर, दरड, वादळाचा अलर्ट आला तर? नवीन टूर ऑपरेटरसाठी पायरीपायरीने

हा लेख त्यांच्यासाठी जे नुकतेच टूरच्या धंद्यात उतरलेत. म्हणजे सोसायटीतल्या, भिशीतल्या, भजनी मंडळातल्या लोकांना एकदोनदा फिरवून आणलं, सगळ्यांनी छान म्हटलं, आणि आता चारधाम, हिमाचल, सिक्कीम, केरळ असा बोर्ड लावून रीतसर सुरुवात केलीये. हॉटेल कसं शोधायचं, रेट कसा काढायचा हे सांगणारे खूप भेटतात. पण आपण विकलेल्या ठिकाणी आपत्ती येणार असं दिसायला लागलं की गेस्टसाठी आपण नेमकं काय करायला बांधील आहोत, कधी सांगायचं, किती पैसे परत द्यायचे, हे कोणी बसून सांगत नाही. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि ऑफ झालेल्या बॅचेस, अडकलेल्या बॅचेस दोन्ही बघितल्यात, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अलर्ट आल्यावर तुम्ही गेस्टला खरं सांगू शकाल की नाही हे त्या दिवशी ठरत नाही. ते चार महिने आधी ठरतं, तुम्ही हॉटेलवाल्याला किती अ‍ॅडव्हान्स पाठवला आणि कुठल्या अटीवर पाठवला तेव्हा. ज्याचे सगळे पैसे तिकडे अडकलेत तो माणूस कितीही सज्जन असो, गेस्टचा फोन आला की "काही नाही हो, डोंगरात पाऊस असतोच" असं बोलून जातो. म्हणून पहिल्या चार पायऱ्या अलर्टच्या खूप आधीच्या आहेत, त्या गाळून डायरेक्ट सहाव्या पायरीवर उडी मारू नका.

१. तुम्ही नक्की काय विकताय ते ठरवा

नुसतं विमानाचं तिकीट काढून देणं वेगळं, दुसऱ्या मोठ्या कंपनीचं पॅकेज कमिशनवर विकणं वेगळं आणि स्वतः हॉटेल, गाडी, जेवण जोडून स्वतःच्या नावाने टूर काढणं वेगळं. पावती तुमच्या नावाची, पैसे तुमच्या खात्यात, इटिनररीवर (रोजच्या प्रवासाच्या वेळापत्रकावर) तुमचा लोगो, तर गेस्टच्या दृष्टीने जबाबदार तुम्ही. मनालीचा लोकल एजंट किंवा गाडीवाला त्याला माहीतही नसतो, आणि "ते लोकल एजंटने केलं, आमचा संबंध नाही" हे वाक्य ग्राहक आयोगातही टिकत नाही आणि गेस्टच्या घरच्यांसमोर तर अजिबातच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. युरोपात पॅकेज टूरसाठी २०१५ चा स्वतंत्र नियम आहे. ठिकाणी किंवा अगदी लगत अशी आपत्ती आली की ट्रिपवर मोठा परिणाम होणारच, तर प्रवासी कॅन्सलेशन चार्ज न देता ट्रिप रद्द करू शकतो, पैसे १४ दिवसांत परत द्यायचे, आणि परत येणं अशक्य झालं तर तीन रात्रींपर्यंतचं राहणं आयोजकाकडे. आपल्याकडे टूर पॅकेजसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याला लागू होतो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि जुना १८७२ चा करार कायदा. २०१९ च्या कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलीये: ग्राहकाला लागणारी माहिती जाणूनबुजून दडवणं ही सुद्धा त्रुटीच. म्हणजे पाऊस पडला हा तुमचा दोष नाही, पण अलर्ट आहे हे तुम्हाला कळलं होतं, रस्ता रात्रभर बंद होता हे ड्रायव्हरने सांगितलं होतं आणि तुम्ही ग्रुपवर फक्त "सामानाची तयारी करा" एवढंच टाकलंत, तर तो तुमचा दोष आहे. ही व्याख्या प्रत्येक नवीन माणसाने एकदा स्वतः वाचावी असं मला मनापासून वाटतं.

२. अटींचा कागद मराठीत आणि खरा लिहा

बहुतेक नवीन लोक कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवरून इंग्रजी अटी कॉपी करतात आणि त्यात एक ओळ असते, की नैसर्गिक आपत्तीत कसलाही रिफंड मिळणार नाही. ही ओळ लिहून आपण सेफ झालो असं समजू नका. एकतर्फी, ग्राहकावर अन्याय करणारी अट आयोग बाजूला ठेवू शकतो, २०१९ च्या कायद्यात अनुचित कराराची तरतूद त्यासाठीच आहे. आणि करार कायद्याचं कलम ५६ आणि ६५ सोप्या भाषेत असं सांगतं की जे करायचं ठरलं ते करणंच अशक्य झालं तर करार संपतो आणि त्यापोटी घेतलेला लाभ परत करायचा.

मग काय लिहायचं? माझ्या कागदात साधारण एवढं असतं:

- सरकारने रस्ता, यात्रा किंवा ठिकाण बंद केलं तर काय.
- बंद केलं नाही पण ऑरेंज किंवा रेड अलर्ट आहे तर निघायच्या किती तास आधी निर्णय कळवणार. मी ४८ तास लिहितो.
- त्या वेळी गेस्टला कुठले पर्याय मिळणार, आणि पर्याय निवडायचा हक्क गेस्टचा.
- टूरमध्ये अडकलो तर जादा मुक्कामाचा खर्च कोण किती रात्री उचलणार.
- इटिनररी सुरक्षेसाठी बदलायचा अधिकार टूर मॅनेजरला, आणि न झालेल्या सेवेचे जे पैसे वाचले ते परत.

हा कागद बुकिंगच्या वेळी वाचून दाखवा. खरंच वाचून दाखवा. साठीच्या पुढच्या काका-काकूंना पीडीएफ पाठवून "अटी मान्य आहेत का" विचारलं की ते अंगठा दाखवतात, वाचत कोणी नाही.

३. पैसे असे लावा की परत काढता येतील

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

गेस्टकडून आलेले पैसे तुमचे नसतात, टूर होईपर्यंत ते सांभाळायला दिलेले असतात. वेगळं बँक खातं काढा आणि टूरचे पैसे त्यातच ठेवा. जूनच्या बॅचचे पैसे घेऊन मेच्या बॅचची हॉटेलं भरायची ही सवय या धंद्यात खूप जणांना असते, सगळं सुरळीत असेल तोवर कोणाला कळतही नाही, आणि एक बॅच रद्द झाली की सगळी साखळी तुटते. दोन हजार रुपये रिफंड द्यायलाही पैसे नसतात आणि मग फोन न उचलणं सुरू होतं.

हॉटेलवाल्याशी बोलताना रेटवर घासाघीस सगळे करतात, कॅन्सलेशनवर कोणी करत नाही. उलट करा. रेट शंभर-दोनशे जास्त गेला तरी चालेल पण ईमेलवर लिहून घ्या की प्रशासनाने रस्ता बंद केला किंवा रेड अलर्ट असेल तर डेट चेंज फुकट, आणि डेट चेंज जमली नाही तर अमुक टक्के परत. फोनवर "हां हां सर, देख लेंगे" म्हणतात त्याला काही अर्थ नाही. हॉटेलची माणसं वाईट नसतात, पण सीझनच्या मध्यावर मालक वेगळा, मॅनेजर वेगळा, आणि ज्याच्याशी बोललात तो नोकरी सोडून गेलेला असतो. चारधामच्या पीक तारखांना बरेचजण शंभर टक्के आधी मागतात. तिथे मी पैसे तीन टप्प्यांत नेतो, आणि जो अजिबात ऐकत नाही त्याच्याकडे पावसाळ्याच्या तारखा टाकत नाही.

माझा आग्रह आहे की प्रत्येक गेस्टमागे थोडी रक्कम कॉस्टिंगमध्येच आपत्तीसाठी वेगळी धरा. त्यातून अडकलेल्या रात्रीचं हॉटेल, जादा डिझेल, जेवण भागतं. नाही वापरली तर पुढच्या बॅचला ठेवा, नफ्यात घेऊ नका.

विमानाचं वेगळं. एअरलाइनने फ्लाइट रद्द केली तर पर्यायी फ्लाइट किंवा रिफंड द्यावाच लागतो, आपत्तीमुळे असेल तर त्याशिवाय वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. पण फ्लाइट चालू आहे आणि पुढचा रस्ता बंद आहे, तर एअरलाइनच्या दृष्टीने तुम्हीच कॅन्सल केलंत, भाड्याच्या नियमाप्रमाणेच पैसे कापणार. ट्रेनचंही तसंच, गाडी रेल्वेने रद्द केली तर पूर्ण पैसे, ई-तिकिटाचे आपोआप येतात. पण जोशीमठच्या पुढे दरड पडलीये आणि हरिद्वारची गाडी वेळेवर सुटतेय, तर नेहमीचंच कॅन्सलेशन. हा खड्डा नवीन माणसाला दिसत नाही, आणि गेस्टला तर अजिबात कळत नाही, त्याला वाटतं पूर आला म्हणजे सगळीकडून पूर्ण पैसे मिळणार. ग्रुप फेअरच्या (पूर्ण ग्रुपसाठी एकत्र काढलेल्या तिकिटांच्या) अटी अजून कडक असतात, त्या घेताना वाचा.

इन्शुरन्स बुकिंगबरोबरच काढायला सांगा. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळासाठी साधारणपणे उपयोगाची नसते. आणि ट्रिप कॅन्सलेशन कव्हर आहे का ते बघा, स्वस्त पॉलिसीत नुसतं अपघात आणि हॉस्पिटल असतं.

४. हॉटेल निवडतानाच नदी-नाला बघा

ही जबाबदारी बहुतेक जण आपली मानतच नाहीत. गेस्ट स्वतः जाऊन जागा बघू शकत नाही, तो तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून पैसे देतो.

५ ऑगस्ट २०२५ ला दुपारी उत्तरकाशीतल्या धराली गावात खीरगंगेच्या नाल्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि बाजार, हॉटेलं मिनिटभरात गाडली गेली. गंगोत्रीच्या रस्त्यावरचं हे नेहमीचं थांबण्याचं गाव. अशा लोंढ्याचा नेमका अलर्ट गावागावाला मिळत नाही, जिल्ह्याला जास्त पावसाचा इशारा असतो एवढंच. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुल्लू-मनालीत काठावरची बांधकामं नेली. म्हणजे अलर्ट वाचता येणं पुरेसं नाही, रात्री गेस्ट कुठे झोपणार हेही बघायला लागतं.

गुगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा. हॉटेलच्या वरच्या अंगाला नाला उतरतोय का, हॉटेल नाल्याने आणून टाकलेल्या दगडमातीच्या पंख्यासारख्या सपाटीवर आहे का, नदीच्या पात्रापासून किती उंचीवर आहे. मग लोकल ड्रायव्हरला विचारा की मागच्या पावसाळ्यात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं. "रिव्हर व्ह्यू" रूम पावसाळ्यात विकू नका, दोनशे मीटर वरचं साधं हॉटेल घ्या, गेस्ट कुरकुरतात पण कारण सांगितलं की ऐकतात.

५. अलर्ट कुठे बघायचा आणि कसा वाचायचा

टूरच्या आधी आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बघायची सवय लावा. न्यूज चॅनेलवरून निर्णय घेऊ नका, ते एकच क्लिप दिवसभर फिरवतात. मी हे वापरतो:

- हवामान खात्याची वेबसाइट आणि मौसम अ‍ॅप, जिल्हानिहाय इशारा बघायचा, राज्याचा नाही.
- राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापनाचं सचेत अ‍ॅप, यात ठिकाण सेट करता येतं.
- समुद्राकडची टूर असेल तर हैदराबादच्या इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचे आणि त्सुनामीचे इशारे.
- जिल्हा प्रशासनाचं आणि पोलिसांचं सोशल मीडिया, रस्ता बंद-चालूचं सगळ्यात आधी तिथे येतं.
- आणि माणसं: ड्रायव्हर, हॉटेलचा मॅनेजर, वाटेतला ढाबेवाला.

रंग असे वाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमी ते ११५.५ मिमी हा जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. आपल्या कोकणातल्या माणसाला शंभर मिलिमीटरचं काही वाटत नाही, आणि इथेच फसगत होते, कारण तेवढाच पाऊस हिमालयातल्या मोकळ्या मातीच्या उतारावर रस्ता घेऊन जातो. गेस्टलाही हे समजावून सांगा, "आमच्याकडे चिपळूणला याच्या दुप्पट पडतो" असं कोणीतरी हमखास म्हणतंच.

"जून सेफ, ऑक्टोबर सेफ" हे पाठ केलेलं विसरा. केदारनाथची आपत्ती १६-१७ जून २०१३ ची, त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा लवकर पोचला होता आणि वरचं चोराबारी सरोवर फुटलं. सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण गेलं, लाचेन-लाचुंगला हजारो पर्यटक अडकले. दोन्ही तारखा टूरवाल्यांच्या कॅलेंडरमध्ये चांगल्या सीझनच्या होत्या.

६. निर्णय घ्या, आणि आधी परिस्थिती तीनपैकी कुठली ते ओळखा

पहिली: बंद. प्रशासनाने यात्रा थांबवली, रस्ता बंद केला, विमानतळ बंद. ऑगस्ट २०१८ च्या पुरात कोची विमानतळ जवळपास दोन आठवडे बंद होता. इथे वाद नाही, टूर होणार नाही, तुम्ही स्वतः फोन करून रद्द झाल्याचं सांगा. गेस्टने कॅन्सल म्हणावं म्हणजे चार्ज कापता येईल, अशी वाट बघणारे लोक मी पाहिलेत. असं करू नका, ती फसवणूक आहे.

दुसरी: चालू आहे पण भीती आहे. ऑरेंज किंवा रेड अलर्ट, रस्ता सकाळी उघडतो संध्याकाळी बंद होतो, हॉटेल म्हणतं "सब ठीक है सर आ जाओ". खरी कसोटी इथे. हॉटेलवाला उघडा आहे म्हणून तो पैसे परत देणार नाही, एअरलाइन उडतेय म्हणून ती देणार नाही, आणि गेस्टच्या मुलीचा अमेरिकेतून फोन येतोय की आईबाबांना पाठवू नका. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, की या बॅचमध्ये माझी आई असती तर मी उद्या गाडीत बसवलं असतं का. उत्तर नाही आलं तर बॅच निघत नाही, नुकसान किती याचा हिशोब नंतर. उत्तर हो आलं तरी, ज्या गेस्टला भीती वाटते त्याला बाहेर पडायचा सन्मानाने मार्ग द्या. तीन पर्याय ठेवा: तारीख बदल, ठिकाण बदल (जोशीमठ-बद्रीनाथऐवजी अमृतसर-वाघा किंवा राजस्थान असं काही, जिथे अलर्ट नाही), किंवा रद्द करून परत मिळवता न येणारा खरा खर्च वजा जाता पैसे परत. ठिकाण बदलताना स्वस्तातलं गळ्यात मारू नका, फरक परत द्या.

आणि उलटंही होतं. तुम्ही नको म्हणताय आणि ग्रुप म्हणतो आम्ही आमच्या जबाबदारीवर जातो, वर्षभर ठरवलंय, लिहून देतो. ते लिहून घेऊ नका. तुमची गाडी, तुमचा टूर मॅनेजर, तुम्हाला धोका माहीत होता, त्या कागदाने तुमची जबाबदारी संपत नाही. देवदर्शनाच्या टूरला हा दबाव फार असतो, "देवाने बोलावलंय" म्हटल्यावर बोलणं अवघड होतं हे मान्य आहे, पण नाही म्हणायचं काम त्या क्षणी तुमचंच आहे.

तिसरी: आपत्ती दुसरीकडे, भीती तुमच्या ठिकाणाची. धरालीत झालं आणि फोन नैनीतालच्या बॅचचे यायला लागले. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला दरड आली आणि लोक अलेप्पीचं बुकिंग रद्द करायला लागले. इथे नकाशा पाठवा, ठिकाणाहून त्याच दिवशीचा व्हिडिओ मागवून पाठवा, अलर्ट नाही हे दाखवा. तरी नको म्हटलं तर नेहमीचे कॅन्सलेशन नियम लावणं योग्य आहे, यात अपराधी वाटायचं कारण नाही. शक्य असेल तर तारीख बदलून द्या. त्या भागातल्या ड्रायव्हर-हॉटेलवाल्यांचं पोट पर्यटकांवर असतं, आपण उगाच घाबरून सगळं राज्य बंद करायचं नाही.

परदेशाचं थोडं: बालीला ज्वालामुखीची राख हा नेहमीचा विषय आहे. नोव्हेंबर २०१७ ला आगुंगमुळे विमानतळ बंद झाला होता, नोव्हेंबर २०२४ ला लेवोटोबीच्या राखेने भारतातून जाणाऱ्या फ्लाइट्सही रद्द झाल्या. तिकडे ठिकाण सुरक्षित असतं पण विमान उडत नाही, त्यामुळे परतीच्या दोन दिवसांचा बफर आणि दूतावासाचा नंबर जवळ असू द्या.

७. गेस्टला काय आणि कसं सांगायचं

जे कळलं ते त्याच दिवशी, आणि सगळ्यांना एकाच वेळी. एकाला फोन, दुसऱ्याला मेसेज असं केलं की अफवा सुरू होतात. मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: माहिती काय, कुठून आली, आम्ही पुढचा निर्णय कधी कळवणार, तोवर तुमच्या हातात काय पर्याय आहेत. नमुना असा:

"नमस्कार. आपल्या बद्रीनाथ-केदारनाथ बॅचबद्दल. हवामान खात्याने शनिवार-रविवारसाठी चमोली आणि रुद्रप्रयाग जिल्ह्यांना ऑरेंज अलर्ट दिलाय. आज सकाळी आपल्या ड्रायव्हरशी आणि हॉटेलशी बोललो. रस्ता आत्ता चालू आहे, काल रात्री काही तास बंद होता. उद्या संध्याकाळी ६ वाजता आम्ही निर्णय कळवू. ज्यांना आत्ताच तारीख बदलायची आहे किंवा रद्द करायचं आहे त्यांनी मला फोन करा, किती पैसे परत मिळतील ते प्रत्येकाला लेखी कळवतो."

"घाबरू नका" असं लिहू नका. ते लिहिलं की लोक घाबरतात. सहा वाजता म्हटलं तर सहाला मेसेज गेलाच पाहिजे, निर्णय झाला नसेल तर तसं सांगा. आणि ज्या काकू व्हॉट्सअ‍ॅप बघत नाहीत त्यांना फोन.

८. टूर सुरू आहे आणि अडकलात तर

निघायच्या आधीच ही फाइल तयार हवी, एक टूर मॅनेजरकडे छापील आणि एक ऑफिसात:

- सगळ्यांची नावं, वय, रक्तगट, चालू औषधं, आधारची कॉपी.
- टूरवर नसलेल्या एका नातेवाइकाचा नंबर. नवरा-बायको दोघंही टूरवर असताना एकमेकांचेच नंबर लिहून देतात, हे तपासा.
- चारधाम असेल तर प्रत्येकाच्या यात्रा रजिस्ट्रेशनची प्रिंट.
- गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे दोन नंबर, रोजच्या मुक्कामाचा पत्ता.
- ११२, राज्य कंट्रोल रूमचा १०७०, जिल्ह्याचा १०७७. बाहेरून १०७७ लावताना एसटीडी कोड लागतो, म्हणून त्या जिल्ह्याचा पूर्ण लँडलाइन नंबरच लिहून ठेवा.
- रोख रक्कम. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.
- औषधं पाच दिवसांची जादा, प्रत्येकाने हँडबॅगेत.

काश्मीर-लडाखला बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, टूर मॅनेजरकडे पोस्टपेडच हवं, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांची.

अडकल्यावर पहिलं काम म्हणजे माणसं मोजणं, दुसरं ऑफिसला एक मेसेज, "सगळे अमुक ठिकाणी, सुरक्षित, रस्ता बंद". नेटवर्क मिनिटभर जरी आलं तरी हा एकच मेसेज जाऊ दे. धरालीच्या वेळी त्या भागात फोन लागत नव्हते, आणि घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करा. ऑफिसातल्या माणसाने घरच्यांचा वेगळा ग्रुप करायचा आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळी माहिती द्यायची, नवीन काही नसेल तरी. यादी जिल्हा कंट्रोल रूमला आणि आपल्या राज्याच्या कंट्रोल रूमलाही पाठवायची. बचावाचं काम सुरू झालं की ज्यांची यादी नीट आहे त्यांचा ठावठिकाणा लवकर लागतो.

रस्त्यावर शेवटचा शब्द ड्रायव्हरचा. त्याने नाही म्हटलं की नाही. फ्लाइट चुकेल म्हणून रात्री घाटातून गाडी काढायला लावू नका, फ्लाइट पुन्हा काढता येते. आणि पैशांवरून गेस्टशी त्या रात्री बोलू नका, खोली द्या, गरम जेवण द्या, सगळी बिलं जपून ठेवा. पहिल्या दोन रात्रींचा साधा मुक्काम आणि जेवण मी कंपनीकडे घेतो आणि ते कागदात लिहिलेलं असतं, त्यापुढचं प्रत्यक्ष खर्चाने, नफा न लावता.

९. रिफंडचा हिशोब उघडा द्या

एक समजायला उदाहरण. पॅकेज माणशी ३२,००० रुपये. त्यात विमान ९,०००, हॉटेल १२,०००, गाडी ६,०००, जेवण २,५००, तुमचा नफा २,५००. तुम्ही बॅच रद्द केली, फ्लाइट चालूच होती. विमानातून ३,५०० परत आले, हॉटेलने ८,००० रोख आणि ४,००० पुढच्या वर्षीचं क्रेडिट दिलं, गाडीवाल्याने १,००० ठेवून ५,००० दिले, जेवण अख्खं वाचलं. गेस्टला रोख २१,५०० परत, ४,००० चं क्रेडिट, आणि ६,५०० गेले. तुमचा नफा परत द्यायच्या रकमेत धरलाय हे बघा. टूरच झाली नाही तर नफा कसला.

हा तक्ता प्रत्येकाला पाठवा, सोबत एअरलाइनची आणि हॉटेलची कागदपत्रं. लोक पैसे गेल्याने जितके चिडत नाहीत तितके हिशोब न दिल्याने चिडतात. ही कागदपत्रं त्याच आठवड्यात गोळा करा, नंतर कोणी देत नाही:

- जिल्हाधिकाऱ्यांचा बंदचा आदेश किंवा अलर्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट
- एअरलाइन किंवा रेल्वेचा कॅन्सलेशन मेसेज
- व्हेंडरला केलेल्या पेमेंटचे यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि त्यांचं परतीचं उत्तर ईमेलवर
- गेस्टला दिलेली क्रेडिट नोट, जीएसटी घेतला असेल तर तोही त्यात

क्रेडिट कोणावर लादू नका. सत्तरीच्या आजोबांना "पुढच्या वर्षी या" म्हणणं बरोबर नाही, त्यांना रोख हवं असेल तर हॉटेलचं ते क्रेडिट तुम्ही ठेवा आणि त्यांना पैसे द्या, पुढच्या बॅचला ते तुमच्या कामी येईलच. कोविडच्या वेळी विमान तिकिटांवर हाच वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, १ ऑक्टोबर २०२० चा निकाल आहे, आणि लॉकडाउनमध्ये एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे एअरलाइनकडून आलेले पैसे एजंटने प्रवाशाला लगेच द्यायचे हे त्यात स्पष्ट आहे. आलेले पैसे आठवडाभरही स्वतःकडे फिरवू नका.

१०. तक्रार झालीच तर

गेस्ट १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकतो, ऑनलाइन तक्रार करू शकतो, आणि स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. म्हणजे साताऱ्याच्या गेस्टसाठी तुम्हाला साताऱ्याला तारखांना जावं लागेल. नोटीस आली की गप्प बसू नका, उत्तर द्या, आणि सातव्या पायरीतले मेसेज, नवव्या पायरीतला तक्ता जोडा. ज्याने वेळेवर सांगितलं आणि हिशोब दिला त्याच्याकडे दाखवायला कागद असतो.

११. पुढच्या बॅचेसचं काय

एक बॅच घरी आली की लगेच पुढच्यांचे फोन सुरू होतात. रस्ता उघडला ही बातमी आली म्हणून दुसऱ्या दिवशी बुकिंग चालू करू नका. आधी ड्रायव्हरला रिकामी गाडी घेऊन जाऊन येऊ द्या, त्याचे पैसे द्या. हॉटेलमध्ये पाणी-वीज आहे का, स्टाफ परत आलाय का, वाटेतलं हॉस्पिटल चालू आहे का विचारा. स्थानिक लोक स्वतःची घरं उपसत असताना तिथे चाळीस माणसांची नाश्त्याची लाइन लावणं बरं नाही. मग ज्यांनी क्रेडिट घेतलंय त्यांना पहिला फोन, नवीन लोकांना नंतर.